पार्कातला संकासूर

चूक माझी होती. हे वाक्य मनात इतक्यांदा म्हणून झालंय की त्याला आता धार उरलेली नाही, म्हणून नीट सांगतो. मरोळच्या ऑफिसात, एका मीटिंगमध्ये, मी ‘उलटंही चालेल’ असं म्हणालो. कुणी दबाव आणला नव्हता. नोकरी जाणार नव्हती. मॅडमनी विचारलं आणि मी हातातला चहाचा कपसुद्धा खाली न ठेवता म्हणालो. त्या दोन शब्दांनी माझ्या सख्ख्या भावाकडून जे गेलं, ते आमच्या घरात आजोबांच्याही आधीपासून होतं.

मी ज्या कंपनीत काम करतो तिचं एक पार्क आहे, बोरिवलीच्या पुढे, डोंगराला टेकलेलं. दोन मोठ्या राइड्स, एक पाण्याची घसरगुंडी आणि मधोमध सिमेंटची प्रचंड अळंबी. अळंबीच्या पोटात काहीतरी होणार होतं, काय ते आता कुणालाच आठवत नाही. मागची निम्मी जागा पत्र्याच्या कुंपणाआड तशीच पडलेली. कॉलेजची पोरं येतात, राइडवर किंचाळतात, वडापाव खातात आणि जातात. कुटुंबं एकदा येतात, पुन्हा येत नाहीत. असं का होतं हे शोधून त्यावर उपाय सुचवणं, हे माझं काम.

सुरुवातीला मी ते काम मन लावून केलं. रविवारी गेटाच्या आत उभा राहून नुसता बघत बसायचो. बाप आणि थोरला मुलगा राइडच्या रांगेत. आई धाकट्याला कडेवर घेऊन सावली शोधतेय. आजी फूड कोर्टच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत, मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून. निघताना ती विचारायची, “झालं?” तो ‘झालं?’ माझ्या कानात बसला होता. तिकीट तिचंही काढलेलं असायचं आणि दिवसभरात तिच्या वाट्याला आलेली एकच गोष्ट म्हणजे ती खुर्ची.

म्हणून मी सुचवलं: घोट्याएवढ्या पाण्याचा एक ओहोळ करू, आजीला पाय सोडून बसता येईल, नातू शेजारी होड्या सोडेल. वर मांडव, त्यावर वेली. मागच्या रानातून सगळ्या घराला एकत्र फिरवून आणणारी एक बुटकी गाडी. पोरांनी फिरवला की खरंच पाणी काढणारा रहाट. अळंबीच्या पोटात वाळूचा हौद आणि शेजारी बाळाला पाजायला एक स्वच्छ खोली. आजही वाटतं, यातलं काहीही वाईट नव्हतं.

मॅडम आमच्या संचालक. हुशार बाई, दोन मुलांची आई, पोटात एक आणि ओठावर एक असं नाही. त्या म्हणाल्या, “सर, सावलीचं तिकीट कोण काढणार? आजीचा पाय पाण्यात, याचा फोटो कोण टाकणार? मला असं सांगा की जे करताना आख्खी फॅमिली ओरडली पाहिजे.”

आणि मग मी, का कोण जाणे, शिमगा सांगत सुटलो.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं. शिमग्यात तिथे खेळे, म्हणजे नाचगाण्याचे ताफे, निघतात आणि त्यांच्यासोबत संकासूर असतो. काळा पायघोळ झगा, डोक्यावर उंच निमुळती टोपी, तोंडावर काळं कापड, त्याला लावलेली लांब पांढरी दाढी, कमरेला घुंगरांचा पट्टा आणि हातात पिळाची दोरी. तो अंगणाअंगणात नाचतो. पोरं त्याला चिडवतात, तो मागे धावतो, सापडेल त्याला दोरीचा फटका देतो. फटका बसलेलं पोर रडत नाही, मिरवतं. आया आजारी मूल त्याच्या पायावर घालतात. संकासुरानं कुणालाही मारावं, पण संकासुरावर हात कुणी उचलायचा नाही. गावात एकमेकांचं तोंड न बघणारी माणसंही त्या दिवसात हे पाळतात.

तो वेश चढवण्याचा मान आमच्या घराचा. आधी आजोबा, मग वडील, मग दादा. वडील गिरणीत होते. संप असो, तंटा असो, शिमग्याला ते गावी जायचेच. आमच्या घराचा एक नियम होता: तोंडावर कापड चढलं की बोलायचं नाही. पायात काटा मोडला तरी नाही. वडील म्हणायचे, कापडाआड माणूस नसतो.

हे सगळं मी मॅडमना रंगवून सांगितलं. त्यांचे डोळे चमकले.

“हे झकास आहे. एकदम लोकल. पण तो कस्टमरला मारणार?”

“हळूच. ते शुभ असतं, मॅडम.”

“तुमच्यासाठी शुभ. कांदिवलीचा बाप व्हिडिओ काढेल आणि आपल्यावर केस टाकेल.” त्यांनी पेन टेबलावर दोनदा आपटलं. “उलटं केलं तर? फॅमिली त्याला मारेल. बॉलनं. आजोबा, नातू, सगळे एका टीममध्ये, आणि तो घाबरून पळेल. चालेल ना तुमच्यात?”

“हो,” मी म्हणालो, “उलटंही चालेल.”

आमच्यात. म्हणजे कुणात, हे मी स्वतःला विचारलं नाही.

खेळाचं नाव ठेवलं ‘भूत भगाओ’. अळंबीच्या पोटात रंगमंच झाला, पुढे कठडा, कठड्यावर रंगीत प्लॅस्टिकच्या चेंडूंच्या टोपल्या. साकीनाक्याच्या एका शिंप्याकडून पॉलिएस्टरचा काळा झगा शिवून घेतला. इव्हेंटवाल्यांनी एक नट पाठवला. तो बिचारा आगगाडीची वाट बघत असल्यासारखा उभा राहायचा आणि चेंडू लागला की ‘ओ माँ’ म्हणायचा. कुणी हसेना. मॅडम म्हणाल्या, “तुमच्या गावातला कुणी ओरिजिनल नाही का?”

होता. घाटकोपरला, डोंगरउतारावरच्या चाळीत, घरी बसून होता. दादा ज्या मरोळच्या कारखान्यात आयुष्यभर मशीनवर उभा राहिला तो बंद पडला होता. त्याच कारखान्याच्या जोरावर मी पार्ल्याच्या कॉलेजात शिकलो. हे मी कुणाला सांगत नसे. सांगितलं तर कौतुक त्याचं व्हायचं.

मी त्याला म्हणालो, “दादा, नाचायचं काम आहे. पोरं चिडवणार, तू पळवायचं. तुझ्यासारखं कुणाला जमत नाही.”

तो लाजल्यासारखा हसला. “मेल्या, मुंबईत संकासूर? कोण बघनार?”

“सगळी मुंबई बघेल.”

चेंडूंचं मी बोललो नाही. पहिल्या दिवशी कळेलच, असा विचार केला. कामात आपण रोज असेच विचार करतो.

घुंगरांचा पट्टा एरवी गावच्या घरात, देवांच्या शेजारी टांगलेला असतो. त्या वर्षी त्याचं चामडं कुजलं होतं म्हणून दादानं तो मुंबईत आणून नवं चामडं लावून घेतलं होतं. पोटमाळ्यावर, धुतलेल्या धोतरात गुंडाळून ठेवला होता. पार्कासाठी आणलेल्या घुंगरांचा आवाज डब्यात खडे हलवल्यासारखा यायचा. मी दादाकडे गेलो आणि म्हणालो, “आपला पट्टा दे. थोडेच दिवस.”

“नाय.” इतकंच म्हणून त्यानं ताटातला घास उचलला.

“अरे, आवाजाशिवाय मजा नाही.”

“ती देवाची हायत. मी घालतो ता शिमग्यात. मधी मी पण हात लावत नाय.”

“मग चामडं लावायला कुणी नेला पट्टा? देवानं?”

वहिनी आतून म्हणाली, “भावोजी, नको ना. राहू द्या.”

मला राग आला. मी नोकरी दिली होती. मी ऑफिसात शब्द देऊन बसलो होतो. मी म्हणालो, “तुमचा देव काय घाटकोपरला घुंगरं मोजायला येतो? उद्या तो पट्टा तुम्हाला जेवायला घालणार आहे का? मी घालतोय.”

दादा जेवता जेवता थांबला. त्यानं हात धुतला नाही, तसाच बसून राहिला. मी स्टुलावर चढून पोटमाळ्यावरचं धोतर खाली काढलं. माझ्या हातात ती घुंगरं पहिल्यांदाच आली होती, मी धाकटा ना. जड होती. मधोमध एक मोठं घुंगरू, एका बाजूनं चेपलेलं. वडील एकदा अंगणात पडले होते, त्याची खूण. जिना उतरताना ती वाजू नयेत म्हणून मी पट्टा छातीशी घट्ट धरला होता. म्हणजे मला कळत होतं.

उद्घाटनाला दादा वेश चढवून उभा राहिला. कमरेला तो पट्टा मीच बांधला. तेव्हा मी त्याला चेंडूंचं सांगितलं. त्यानं कठड्यावरच्या टोपल्यांकडे बघितलं.

“रे, हातात दोरी मिळेल काय? मारनार नाय. नुसती धरीन.”

“विम्यात बसत नाही, दादा.”

त्याला फोमची पिवळी काठी दिली होती. त्यानं कापड तोंडावर ओढलं, आणि त्यानंतर, नियमाप्रमाणे, गप्प झाला. पॉलिएस्टरच्या झग्यातही त्यानं तो नियम पाळला. हे मी विसरलो होतो असं मी पुढे स्वतःला सांगत राहिलो. विसरलो नव्हतो.

तो नाचला मात्र असा की सिमेंटची ती खुळी अळंबी देवळासारखी घुमली. घुंगरांचा तो आवाज माझ्या पाठीतून गेला. मॅडमनी टाळ्या वाजवल्या आणि माझ्या हातात चेंडू दिला. “पहिला तुमचा, सर. आयडिया तुमची.”

कठड्यापाशी सगळे होते, मालक, हिशेबनीस, फोटोवाले. हळू टाकला असता तर त्यांना वाटलं असतं की मी संकोचलो. मी जोरात टाकला. तो त्याच्या छातीवर लागला. दादा थांबला. घुंगरं थांबली. मग तो वाकला, चेंडू उचलला, दोन पावलं पुढे आला आणि माझ्या हातात परत दिला, प्रसाद देतात तसा दोन्ही हातांनी. लोक पोट धरून हसले. “काय ॲक्टिंग आहे!” कुणीतरी म्हणालं. मी पण हसलो.

आठवड्याभरात मॅडम म्हणाल्या, प्लॅस्टिकच्या चेंडूनं काही होत नाही, भुताला फरक पडत नाही, लोक कंटाळतात. पाणी आणा. मी स्पंजचे गोळे सुचवले. स्पंज मऊ असतो. हे सुचवताना मला आपण भावाची काळजी घेतो आहोत असंही वाटलं.

भिजलेला स्पंज तोंडावर बसला की काळं कापड नाकातोंडाला चिकटतं. मला हे माहीत नव्हतं, दादालाही नव्हतं. गावात संकासुराच्या तोंडावर कुणी पाणी मारत नाही. पहिल्यांदा झालं तेव्हा मी कंट्रोल रूममध्ये स्क्रीनसमोर होतो. एक बाप आपल्या मुलीला शिकवत होता, स्पंज कसा पुरता बुडवायचा, पिळायचा नाही, आणि नेम तोंडावर धरायचा. नेम लागला. दादानं काठी टाकली आणि दोन्ही हातांनी तोंडावरचं कापड ओरबाडायला लागला. ओरडला नाही. नुसता वाकून, फिरत, ओरबाडत राहिला, आणि घुंगरं वाजत राहिली. कठड्यावर हशा फुटला. माणसं मोबाइल वर धरून ‘और मारो, और मारो’ म्हणत होती. आज्याही उठून उभ्या राहिल्या होत्या. ज्या आजीला दिवसभर नुसती खुर्ची मिळायची, तिलाही तिच्या नातवानं स्पंज दिला आणि तिनंही मारला.

खेळ संपल्यावर मी मागे गेलो. दादा पिंपावर बसून श्वास घेत होता. दाढीतून पाणी गळत होतं. मी त्याला पाण्याची बाटली दिली आणि म्हणालो, “ते तोंडाला हात लावलेलं छान झालं. ते रोज ठेव.”

त्यानं माझ्याकडे वर बघितलं. कापड कपाळावर होतं, म्हणजे बोलायला हरकत नव्हती. तरी बोलला नाही.

त्यानं ते रोज ठेवलं. ठेवलं म्हणजे काय, ते रोज व्हायचंच.

खेळ तुफान चालला. पार्कात कुटुंबं परत परत यायला लागली. मला केबिन मिळाली. एका रविवारी माझी बायको आणि मुलगी आल्या. आत काका आहे, हे मुलीला सांगायचं नाही असं मी बायकोला बजावलं होतं. मुलीचे तीन स्पंज फुकट गेले तसा तिचा चेहरा रडवेला झाला. तेव्हा संकासूर नाचता नाचता कठड्याच्या जवळ आला, नेहमीपेक्षा जवळ, आणि तिच्यासमोर खाली बसला. तिनं हात लांब करून स्पंज त्याच्या तोंडावर दाबला. दाबूनच धरला. तो हलला नाही. तिचं खिदळणं संपेपर्यंत तो तसाच बसून होता.

गाडीत मुलगी म्हणाली, “बाबा, ते भूत छान आहे. पळालंच नाही.”

बायको खिडकीबाहेर बघत होती. घरी आल्यावर इतकंच म्हणाली, “तुला घाण वाटत नाही स्वतःची?” मी म्हणालो, “काम आहे ते. त्याला कामाची गरज आहे.” ‘त्याला’ म्हणताना माझा आवाज मोठा झाला.

मग जे व्हायचं ते झालं. कुणीतरी काढलेला व्हिडिओ आमच्या वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला. खाली लिहिलं होतं: ‘मधलं चेपलेलं घुंगरू बघा. हा आपला पट्टा ना?’

शिमग्याच्या आधी आमच्या वाडीच्या मुंबई मंडळाची सभा होते, घाटकोपरला, एका व्यायामशाळेच्या वरच्या हॉलमध्ये. एरवी तिथे गाड्या किती, पालखी कधी, यावरून आरडाओरडा चालतो. त्या वर्षी सगळे गप्प बसले होते. अध्यक्ष म्हणजे आमच्या वडिलांच्या बरोबरीचे एक म्हातारे काका. त्यांनी मोबाइल हातात धरून, डोळ्यांजवळ नेऊन, तो व्हिडिओ सगळ्यांसमोर पुन्हा चालवला. छोट्या आवाजात घुंगरं वाजली. ‘और मारो’ ऐकू आलं.

“आत कोन हाय?” त्यांनी विचारलं.

“मी,” दादा म्हणाला.

“पट्टा कोनी नेला तिथं?”

मी तिसऱ्या रांगेत होतो. मला बोलायचं होतं. हे खोटं वाटेल, पण शब्द खरंच जिभेवर आले होते. मी मंडळाचा सल्लागार, वाडीतला पहिला मोठ्या हुद्द्याचा माणूस, गणपतीत माझ्या हातून आरती. दादा मागे न वळता म्हणाला, “मीच नेला.”

मागून कुणीतरी हसलं. “नोकरी गेली की देव पण इकायला काढतात वाटतं!”

दुसरा म्हणाला, “ती पोरगी तोंडावर दाबताय नि हा बसलाय बघ कसा. संकासूर हाय का बुजगावना?”

“तोंडातून आवाज तरी काढायचा होतास रे!”

दादा उभा होता, हात बांधून नाही, नुसते खाली सोडून. अध्यक्षकाकांनी डोळे पुसले. ते दादाचे शत्रू नव्हते. त्यांनीच त्याला पहिल्यांदा अंगणात नाचताना बघितलं होतं. ते म्हणाले, “ज्याच्या अंगावर कुनीबी हात टाकलाय, त्याच्या पायावर आमी आमची पोरा कशी घालायची, तूच सांग.”

मान दुसऱ्या घरात गेला. ठराव हात वर करून झाला. मी हात वर केला नाही आणि खालीही धड ठेवला नाही, केसांवरून फिरवला. त्यालाही कुणीतरी मत समजून मोजलं असेल.

हॉलच्या जिन्यात मी दादाला गाठलं. “कशाला माझा दोष स्वतःवर घेतलास?”

“दोगांची अब्रू जान्यापेक्षा एकाची गेली,” तो म्हणाला, आणि पुढे चालू लागला.

त्या शिमग्याला दादा गावी गेला नाही. होळीच्या आदल्या दिवशी मी त्याच्याकडे गेलो तर तो दारात बसून कुकरची शिट्टी दुरुस्त करत होता. वहिनीनं चहा दिला, माझ्यासमोर नाही, बाजूला ठेवला. पट्टा वाडीच्या पंचांबरोबर गावी गेला होता. पार्कातला खेळही तोवर बंद झाला होता. लोकांना कंटाळा आला, मॅडमनी अळंबीच्या पोटात बर्फाची खोली केली. काळा झगा माझ्या केबिनच्या कपाटात पडून होता. तो मी फेकला नाही, देऊनही टाकला नाही. कशासाठी ठेवला, मला सांगता येणार नाही.

वर्षभर मी माफीची तयारी करत होतो. आरशासमोर नाही, इतका मी नाटकी नाही, पण गाडी चालवताना, अंघोळ करताना. तिची किती रूपं मी केली! ‘तेव्हा परिस्थिती अशी होती.’ ‘मला वाटलं नव्हतं.’ ‘आपल्या दोघांकडून चूक झाली.’ शेवटी एका संध्याकाळी त्याच्या खोलीत जाऊन मी म्हणालो, “दादा, जर तुला माझ्यामुळे त्रास झाला असेल तर मला माफ कर.”

तो हसला. खरंच हसला, आणि ते हसू मला त्या व्हिडिओतल्या सगळ्या हशापेक्षा जास्त लागलं.

“जर?” तो म्हणाला. “वहिनी, आईकलंस काय? जर म्हनतोय.” स्वतःच्या बायकोला तो पहिल्यांदाच ‘वहिनी’ म्हणाला होता, माझ्या तोंडानं. माझी नक्कल करत होता तो.

मग हसणं थांबवून म्हणाला, “मला तू मारलास, त्याचा काय नाय. लहानपनी मी पण तुला मारलाय. पट्टा तू काढलास, मी बसून बघत राह्यलो, ता माझा. पन सभेत, मेल्या. मी कापडाआड होतो तवा गप होतो. तुझ्या तोंडावर काय होता?”

मी पुन्हा ‘माफ कर’ म्हणायला लागलो.

“हितं नको मागूस,” तो म्हणाला. “जिथं गप बसलास तिथं बोल. माझा मान नाय येनार परत, तो त्या घरात रुजला. तरी बोल.” आणि पुढे, कुणाशी नाही असं: “आबांना वाटत असेल मीच नेला.”

आबा म्हणजे आमचे वडील. ते जाऊन खूप वर्षं झाली.

पुढच्या सभेला मी गेलो. खालच्या व्यायामशाळेतून लोखंडी वजनं आपटल्याचा आवाज येत होता. गाड्यांचं झालं, पालखीचं झालं. नव्या घरातला संकासूर होणारा तरुण पहिल्या रांगेत होता, त्याच्या मांडीवर त्याचं लहान मूल. दादा शेवटच्या रांगेत, दाराजवळ. ‘आणखी काही?’ असं अध्यक्षकाकांनी विचारलं तेव्हा मी उठलो. मी समोरच्या खुर्चीची पाठ धरली. मग ती सोडली.

मी आधी म्हणालो, “मला पार्काबद्दल बोलायचंय.” कुणीतरी म्हणालं, “आता काय, पालखी पन घेऊन जातोस काय तिथं?” हशा झाला. मी तो पुरता होऊ दिला.

“पट्टा दादानं नेला नाही,” मी म्हणालो. “मी नेला. तो नको म्हणत होता, वहिनी नको म्हणत होत्या. मी स्टुलावर चढून पोटमाळ्यावरून काढला. वर देवाला बोललो, काय बोललो ते सांगायची लाज वाटते. संकासुराला लोकांनी मारायचं, यालाही ‘चालेल’ मीच म्हणालो. पहिला चेंडू मी मारला, जोरात मारला. पाण्याचा स्पंज मी आणला. त्याचा श्वास कोंडायचा आणि मी त्याला म्हणालो, रोज असंच कर. तो आतून ओरडला नाही, कारण कापड चढल्यावर आमच्या घरात बोलत नाहीत. हे मला माहीत होतं. गेल्या वर्षी याच हॉलमध्ये काकांनी विचारलं, पट्टा कुणी नेला. मी तिथे बसलो होतो, तिसऱ्या रांगेत. माझ्या तोंडावर काही नव्हतं.”

कुणी हसलं नाही. वजन आपटल्याचा आवाज आला. मी वळलो. दादा माझ्याकडे बघत नव्हता, दाराच्या चौकटीकडे बघत होता.

“मान परत मागत नाही,” मी म्हणालो. “तो मागायचा हक्क मला नाही. दादा, मी तुला मारलं, आणि मग तुझ्याआड लपलो. आबांच्या घरात हे मी केलं, तू नाही. मला माफ कर.”